नाइस सारी

आमच्या ऑफिसात कपड्यांचं कौतुक फक्त इंग्रजीत होतं. "लव्हली कुर्ता!" "थँक यू!" संपलं. पदर हातात घेऊन "बघू, कुठून घेतलीस गं?" असं विचारायची जणू लाज वाटते सगळ्यांना. काल चहा देणाऱ्या सुमनताई नवीकोरी इरकल नेसून आल्या. टेबलाटेबलावर कप ठेवत फिरल्या, पण एकीच्याही तोंडून शब्द फुटला नाही. मराठीत बोलावं लागलं असतं ना! माझं डोकंच फिरलं. तावातावानं त्यांच्याजवळ गेले आणि माझ्याही तोंडून निघालं, "नाइस सारी!"

सुमनताई गोंधळल्या. "सॉरी कशाला म्हणता मॅडम? काय झालं?"

त्यांनी चुकीचं ऐकलं होतं. पण मी म्हणायला हवं होतं, ते तेच.