तात्यांचं फडकं

हे मी लिहावं की नाही, हे अजून ठरत नाही. रविवारच्या पुरवणीत ज्यांच्यावर असे लेख येतात ती माणसं नाव ऐकलेली असतात. माझे चुलते नामातात्या कळंबला कालव्याच्या पाण्यावर वांगी करायचे, बारामतीच्या बाजारात विकायचे आणि चार शेरडं पाळायचे. त्यांना सही येत नव्हती. मीही लेखक नाही. आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला मुलगा, एवढीच माझी ओळख. तेव्हा वाचकांनी क्षमा करावी. पण तात्यांना सांगायची एक गोष्ट माझ्याकडे राहून गेली, आणि आता ऐकायला ते नाहीत.

बातमी मला उशिरा कळली. माझा शेवटचा लेखी पेपर झाला त्या दिवशी थोरल्या भावाचं कार्ड आलं. दादानं ते माझ्या परीक्षेचे दिवस मोजूनच टाकलं होतं. ‘तात्या गेले त्याला आज पंधरा दिवस झाले. तुझी परीक्षा होती म्हणून कळवलं नाही. आजारी असताना तेच म्हणाले होते, पोराला पेपर हायत, मधी बोलवू नगा.’ मी कार्ड उलटंसुलटं करून बघितलं... पुढं काही नव्हतं.

तात्यांना मूलबाळ नव्हतं. काकू लग्नानंतर दोन वर्षांतच गेली. शेळी व्यायला लागली की ते आपल्या जुन्या तांबड्या पटक्याचं फडकं घेऊन गोठ्यात बसायचे. शेळी करडाला चाटेना झाली तर त्याच्या अंगावर कोंडा आणि मीठ भुरभुरायचे. मिठाच्या चवीनं ती चाटायला लागते. शेळी मेलीच, तर फडकं ओलं करून स्वतः करडाला पुसत राहायचे, मानेपासून शेपटीपर्यंत, करडू झोपी जाईपर्यंत. ‘न चाटलेलं जनावर खुळं ऱ्हातं,’ असं ते म्हणायचे.

पुण्यात प्राणिशास्त्राच्या तासाला सरांनी एकदा विचारलं, आईवेगळ्या पिल्लाला कुणी जवळच घेतलं नाही तर त्याच्या मेंदूत काय होत असेल? मला तात्यांचं वाक्य आठवलं, पण त्या वर्गात शेरडांची गोष्ट काढायला जीभ रेटेना. त्याच दिवाळीत घरी गेलो तर एक शेळी नुकतीच विताना दोन करडं मागं ठेवून मेली होती. एक तांबूस, एक भुरकं. सरांना दाखवण्याजोगं काही आपल्या गोठ्यात मिळेल, असं मला वाटलं. तात्यांना म्हणालो, ‘तांबीला नेहमीसारखं पुसा, खेळवा. भुरीला कुडाच्या पलीकडं ठेवा. दूध दोघींना सारखंच, भुरीला कुडाच्या भोकातून बाटलीनं. पण तिला हात लावायचा नाही, तिच्याशी बोलायचं नाही.’

‘का म्हून?’

‘फरक बघायचाय.’

‘फरक मी सांगतो की. ती खुळी व्हईल.’

‘नुसतं सांगून चालत नाही, तात्या. बघून लिहावं लागतं.’

‘मग लिही की, नामा सांगत व्हता म्हून.’ ते हसले. मग बराच वेळ फडक्याची घडी घालत राहिले. ‘बरं, मास्तर. शिकलेला तू हायस. तू म्हणतोस तर न्हाय लावत हात.’

उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलो तेव्हा तांबी उड्या मारत आली आणि माझ्या वहीचं एक पान खाऊन मोकळी झाली. ‘हिनं पेपरच खाल्ला. ही पास,’ तात्या म्हणाले. भुरी कुडाला तोंड लावून उभी होती. डबा वाजला की थरथरायची, आणि हाक मारली तर कान हलवायची नाही. मी सगळं लिहून घेतलं, कूड काढून टाकला आणि पुण्याला परतलो.

सरांनी वही लक्ष देऊन वाचली. म्हणाले, मेंदूतल्या पेशी एकमेकींना विजेचे बारीक इशारे देत असतात. ऊब आणि स्पर्श मिळाला नाही तर काही पेशी गप्पच राहत असतील, काही नको तितक्या दचकत असतील. ते ऐकायचं यंत्र आपल्याकडं नाही, म्हणून मी ठामपणे सांगणार नाही, असंही ते म्हणाले. वही परत देताना त्यांनी विचारलं, ‘आणि त्या पिल्लाचं पुढं काय झालं?’ मी वही पिशवीत घातली.

मागच्या दिवाळीत तात्यांची शेवटची भेट झाली. सरांचं बोलणं मी त्यांना माझ्या परीनं सांगितलं, की मेंदूतल्या पेशी एकमेकींना हाका मारतात. तात्या म्हणाले, ‘आदी त्यास्नी कुणीतरी हाक मारली पायजे की रं.’ मग जरा चाचरत म्हणाले, ‘एक इचारू? आता भुरीला हात लावला तर चालंल का?’

प्रयोग संपला, हे मी त्यांना सांगायचंच विसरलो होतो. उन्हाळ्यापासून ते माझ्या परवानगीची वाट बघत होते... मी मान खाली घालून हो म्हणालो. त्यांनी भुरीच्या पाठीवर हात ठेवला. तिची कातडी शहारली आणि ती बाजूला सरकली.

‘ही सुधारंल का, तात्या?’

‘गाभण हाय. पिल्लू चाटती का न्हाय, तवा कळंल.’

तेवढ्यात रस्त्यावर एस.टी.चा हॉर्न वाजला आणि मी पिशवी उचलून पळालो. माझं चुकलं, एवढं म्हणायचं राहिलं ते राहिलंच.

दादाचं कार्ड आल्यावर एक दिवस घरी जाऊन आलो. प्रॅक्टिकल बाकी होतं. गोठ्यात खुंटीला ते फडकं तसंच होतं. तंबाखूचा आणि घामाचा वास. मी ते मागितलं तर दादा म्हणाला, ‘ऱ्हाऊ दे. भुरी आज-उद्या व्यायची. लागंल.’ पुण्याला आल्यापासून मी रोज पोस्टमनची वाट बघत होतो. शेवटी परवा दादाचं कार्ड आलं. जसं आहे तसं देतो.

‘भुरी व्याली. एकच करडू, मादी आहे. भुरी लांब जाऊन भिंतीला तोंड लावून उभी राहिली. कोंडा-मीठ टाकलं तरी वळेना. मग तुझ्या वहिनीनं तात्यांचं फडकं घेऊन करडू पुसलं. तशी भुरी वास घेत आली. आधी फडकं चाटलं, मग करडू. तुला सांगू नको म्हणून तात्यांनी मला बजावलं होतं, पण आता सांगतो. भुरीला कुडापलीकडं ठेवलं त्या दिवाळीनंतर तू पुण्याला गेलास, तसं त्यांनी हे फडकं कुडाच्या आतून, भुरीच्या अंगाला लागेल असं टांगलं होतं. ती त्याला अंग घासायची, त्याला टेकून निजायची. तू उन्हाळ्यात यायच्या आधी काढून ठेवलं. मी विचारलं तर म्हणाले, त्यानं हात लावू नगा म्हणलंय, फडकं टांगू नगा म्हणलंय का? करडू बरं आहे. फडकं त्याच्या अंगाखालीच आहे, भुरी ओढू देत नाही.’