झटका खाल्लेला दोर

कपडे वाळत घालताना ओल्या दोराचा वास आला, की देवपूरच्या या गच्चीवरून मी थेट जळगावच्या त्या डाळमिलमध्ये जाते.

माझे यजमान जड यंत्रं दोर-कप्पीनं चढवायचं-उतरवायचं काम करत. त्या दुपारी वरच्या मजल्यावरची जुनी मोटार खाली येत होती. तिच्याखाली कुणी जाऊ नये म्हणून त्यांनी जमिनीवर फक्कीची रेघ मारली होती. जेवणाचा डबा घेऊन मी ती सरळ ओलांडली.

"मांगे हो, मांगे सर!" ते माझ्यावर ओरडले. गड्यांनी दोर एकदम आवळला आणि मोटार माझ्या डोक्याच्या हातभर वर हिसका खाऊन थांबली. सगळ्यांसमोर ओरडले, हे मला फार लागलं. डबा पायरीवर ठेवून मी निघून आले.

संध्याकाळी घरी आणून त्यांनी तोच नवाकोरा दोर कोयत्यानं तोडायला घेतला. मला वाटलं, माझ्यावरचा राग दोरावर काढताहेत. तोडताना ते पुन्हा पुन्हा माझ्या डोक्याकडे बघत होते, ते मला आज कळतं.

"चांगला तर शे," मी फणकारले.

"झटका खायेल शे. वरथून चांगला दिखस, पन आतून तुटेल शे. आते याले वजन टांगानं नही."

त्यातलाच एक तुकडा मी कपड्यांसाठी मागून घेतला.

त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मुलगी व्हिडिओ कॉलवर म्हणते, "आई, किती छान सावरलीस गं!" मी हो म्हणते, आणि दोराला जड होऊ नये म्हणून ओली चादर पुन्हा एकदा घट्ट पिळून घेते.