शाळेच्या उंबऱ्यावरची पूजा

उदगीरच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेला लागून असलेल्या गावात गौरम्मा सोळा वर्षं शाळेची खिचडी शिजवते. घराघरांत कानडी, शाळा मात्र मराठी. तीही याच शाळेत होती. कानडी बोलली म्हणून दुसरीत गुरुजींनी कानाखाली वाजवली. तो कान आजही बहिरा आहे. शिक्षण तिथंच संपलं.

यंदा हिमायतनगरहून दयानंद गुरुजी बदलून आले. कानडीचा गंध नाही. "बदली कॉम्प्युटर करतो, बाई. कुणाच्या तोंडात कोणती भाषा हाय, त्याला काय ठावं?" असं म्हणायचे, अन् पहिलीच्या पोरांना दर कानडी शब्दाला एक पट्टी हाणायचे. मंगळवारी पहिलीतल्या सृष्टीची बोटं फुटली. पाटी लाल झाली.

दुपारी तिचा बाप बसवंत सात-आठ जण घेऊन आला. पहिल्या दगडात खिडकी गेली. गुरुजींना अंगणात पाडून तुडवलं, दात पडला. गौरम्मानं त्यांना कसंबसं वर्गात लोटलं, कडी घातली अन् दारात उभी राहिली. शाळेला मास्तर हा एकच; मेला काय, पळाला काय, दुसरा येणार नव्हता. शाळेला कुलूपच.

"सरक अक्का! जित्ता सोडत न्हाई त्याला."

"मला मार आधी."

मागून आलेला दगड तिच्या कपाळावर बसला.

तेव्हा महादेवानंच तिला बुद्धी दिली. ती उंबऱ्यावर बसली, गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं अन् तांब्यातलं पाणी वाहू लागली. समोरचे सगळेच लिंगायत, सगळ्यांच्याच गळ्यात लिंग. पूजेला बसलेल्या बाईला हात कोण लावणार? काठ्या खाली आल्या, पायांतल्या चपला उतरल्या. पाच मिनिटांची पूजा तिनं तासभर लांबवली. रक्त हनुवटीवरून गळत होतं, पण लिंगावर थेंब पडू दिला नाही.

"किती वेळ गं, अक्का?" बसवंत रडकुंडीला आला.

तिनं डोळे उघडले. "पोरीची बोटं मी बी बघितली रे. पण माझ्यावाणी तिलाबी चुलीपुढं बसवतूस का?"

बसवंतनं काठी टाकली.

पट्टी तिनं चुलीत घातली. दुसऱ्या दिवशी गुरुजी सुजलेल्या तोंडानं आले. गौरम्मा पहिलीच्या पोरांत जाऊन बसली. उंबऱ्यावरचा काळा डाग दाखवून गुरुजींनी सृष्टीला विचारलं, "याला तुमच्यात काय म्हणतात?"

पोरीनं दोन्ही हात पाठीमागं लपवले. गौरम्माकडं बघितलं.

"नेत्तर."

गुरुजींनी फळ्यावर 'रक्त' लिहिलं, त्याखाली 'नेत्तर'. खडू दोनदा मोडला.