नानांनी आत घेतलेल्या चपला

चूक नानांची. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात चूक कुणाची हे ठरवायला बसले की सगळे मोठे एकमेकांना चहा देतात आणि शेवटी ती लहानाच्या नावावर लावतात. नाना म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. जुन्या जालन्यात आमचं बॅगांचं दुकान आहे, शाळेच्या दप्तरापासून चाकाच्या मोठ्या बॅगेपर्यंत. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून मी त्या दुकानाची साइट बनवली. तिचे किस्से इतके साचलेत की चहाच्या गाडीवर मित्र मला बघितल्याबरोबर विचारायचे, "आज नानांनी कुणाला घाबरवलं?" ते हसायचे. बरेच दिवस मीही हसलो.

पप्पांनी मुदत दिली होती. "दिवाळीपर्यंत साइटवर रोज गिऱ्हाईक लागलं पाहिजे. न्हाई तर ते बंद कर आन् बियाण्याच्या कंपनीत गोदामात लाग. मी शब्द टाकून ठेवलाय." शब्द कुणाकडे टाकला, मला विचारून टाकला का, हे विचारायची पद्धत आमच्याकडे नाही.

•

दुकानात गादी आहे. गिऱ्हाईक पायरीवर चपला काढून वर येतं. ते टेकलं की नाना डोळ्यानं खुणावतात, आणि आपण गुपचूप त्याच्या चपला उचलून आत पोत्यामागे ठेवायच्या. माणूस न घेता उठला की चपला शोधत बसतो. नाना म्हणतात, "सापडतेत हो, कुठं जातेत. तवर ही एक बघा." निम्मे लोक कंटाळून काहीतरी घेतात आणि सुटतात. याला नाना चाळीस वर्षांचा अनुभव म्हणतात.

साइट सुरू झाल्यावर त्यांनी विचारलं, "आज किती आल्ते?"

"दोनशेक जण येऊन गेले."

"घेतलं किती जणांनी?"

"कुणीच न्हाई."

नानांनी पायरीकडे बघितलं. "मंग त्यांच्या चपला कुठं ठेवल्या तू?"

मी हसलो, ते हसले नाहीत. आठ दिवसांनी मीच साइटला तशी सोय केली. नाव, गाव आणि फोन नंबर टाकल्याशिवाय किंमत दिसणार नाही. आणि किंमत बघून कुणी बाहेर पडलं, की नानांच्या मोबाईलवर घंटी. घंटीबरोबर नाव, गाव, नंबर आणि कोणती बॅग बघितली ते.

नाना जाम खूश. "आता आल्या चपला बराबर आत."

•

पहिले सापडले नवीन जालन्यातले एक बँकेचे साहेब. निळी ऑफिस बॅग बघितली, किंमत बघितली, साइट बंद केली. मिनिटभरात नानांचा फोन.

"साहेब, निळी बॅग सोडून कुठं चालले?"

पलीकडे साहेब हळू आवाजात, "कोण बोलतंय? तुम्ही कुठं आहात?"

"इथंच हावोत की."

साहेबांनी नंतर दुकानात येऊन सांगितलं, की ते खुर्चीतून उठले, केबिनचं दार लावलं आणि टेबलाखाली वाकून बघितलं. पण बॅग घेतली. त्याच दुपारी.

•

दुसरे आमच्या कॉलेजचे सर. भर वर्गात मला म्हणाले होते, "तू आयुष्यात काही सुरू केलंस तरी पूर्ण करणार नाहीस." सरांनी लॅपटॉपची बॅग तीन दिवसांत तीनदा बघितली. माझी साइट आहे हे त्यांना माहीतही नव्हतं. नंबर मी पहिल्याच घंटीला ओळखला, नानांना बाजूला बसवलं आणि तिसऱ्या घंटीला फोन स्वतः लावला.

"सर, तीनदा आलात. पूर्ण करत नाही तुम्ही."

सरांनी नाव विचारलं नाही. ऑर्डर दिली, आणि त्या बॅगेतून काही ऐकू जातं का, असं बॅग पोचवणाऱ्याला विचारलं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं. तेही लिहून टाकतो.

•

मग अंबडहून एक म्हातारे आले. नातवाचं दप्तर बघितलं होतं. नानांनी त्यांना एका दिवसात चार फोन केले होते. आले तेव्हा त्यांच्या मोबाईलच्या कॅमेऱ्यांवर पुढून मागून पट्ट्या चिकटवलेल्या, वर रुमाल गुंडाळलेला. चपला न काढता पायरीवरच उभे राहिले.

"एक सांगा. आम्ही घरात असतो तवा तुम्हाला दिसतोत का?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात नाना म्हणाले, "दिसतेत ना. बिलकुल."

म्हाताऱ्यांनी दप्तर घेतलं. पावती खिशात घातली आणि मोबाईलवरचा रुमाल आणखी घट्ट बांधला. नाना अर्धा तास हसले, पप्पाही हसले. मी पप्पांना म्हटलं, लोक आवडलं म्हणून घेत नाहीत, भीतीनं घेतात. पप्पा म्हणाले, "रोज गिऱ्हाईक होऊन राह्यलं ना? मंग तुला काय दुखतंय?"

रोज होत होतं, हे खरं होतं. गोदाम लांब गेलं होतं. मी साइट तशीच चालू ठेवली. पण तेव्हापासून घंटी वाजली की नानांच्या आधी मी मोबाईल बघायचो.

•

मग भोकरदनकडची एक बाई आली. आली म्हणजे साइटवर. पाच दिवस, रोज दुपारी दोनच्या सुमारास. एकच बॅग बघायची, चाकाची, कुलुपाची. कार्टमध्ये टाकायची, काढायची. त्या वेळी नाना जेवून गादीवर झोपलेले असत, घंटी मीच बंद करायचो. पाचव्या दिवशी पत्ता भरला आणि खाली सूचनेच्या रकान्यात लिहिलं, "दुपारी एक ते तीनमध्येच आणा. फोन करू नका." ऑर्डर मात्र दिली नाही. बाहेर पडली. घंटी वाजली, आणि त्या दिवशी नाना जागे होते.

मी नानांना ते वाचून दाखवलं. दोनदा.

"लाजत आसंल," नाना म्हणाले. "ए इंजिनिअर, बाईमाणूस घरात इचारल्याबिगर घेत न्हाई. घरच्याला सांगावं लागतं."

"नाना, नका करू. तिला घरी कळू द्यायचं न्हाई."

"तुला धंदा मी शिकवू का तू मला?"

मी मोबाईल हिसकावून घेऊ शकलो असतो. हातभर अंतरावर होता.

संध्याकाळी सातला त्यांनी फोन लावला, स्पीकरवर. माणसानं उचलला.

"नमस्कार. जालन्याहून बोलून राह्यलो, बॅगांचं दुकान. ताईंनी पाच दिसांपासून मोठी बॅग बघून ठेवलीय. घेऊन टाका की."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"कवा बघती?"

"रोज दुपारी. दोन वाजता, बराबर."

"किती मोठी हाये?"

"एका माणसाचं सगळं सामान मावतंय."

तो माणूस अगदी शांतपणे म्हणाला, "बरं झालं सांगितलं. पाठवून द्या. उद्यापासून दुपारचा मी घरीच हाये."

नानांनी फोन ठेवला आणि मांडीवर थाप मारली. "बघ. झालं का न्हाई गिऱ्हाईक?"

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी त्या नंबरवर फोन केला. बंद होता. तिसऱ्या दिवशीही बंद. बॅग पोचवणारा म्हणाला, दारात एक माणूस होता, त्यानं घेतली, आत कुणी दिसलं नाही.

मी साइट बंद केली. दिवाळीला महिना बाकी होता. कॉलेज आधीच गेलं होतं, आता साइट गेली. सोमवारपासून मी गोदामात जातो.