दणकट अंगाची बाई

डॉक्टरांनी माझा हात उताणा करून सोबतच्या शिकाऊ पोरांना दाखवला. "बघा, काजूच्या तेलानं कातडं जळालंय. ही माणसं दणकट. यांना दुखणं कमी जाणवतं." मग मला म्हणाले, "मावशी, एवढं सोसलंत, आता मणक्याचं काय घेऊन बसलात?"

पोरं हसली. मीही हसले. त्या माझ्या हसण्याचा मला अजून राग येतो.

मी आजऱ्याची. निम्मं आयुष्य काजू फोडण्यात गेलं. छातीचा कॅन्सर मणक्यात उतरला, म्हणून कोल्हापूरच्या ह्या दवाखान्यात आणलं. कूस बदलली की डोळ्यांपुढं अंधारी यायची. आणि गोळी कसली, तर तापाला देतात ती. पलीकडच्या स्वतंत्र खोलीत साखर कारखान्याच्या संचालकाची बायको होती. आजार तोच. तिला मॉर्फिन चालू होतं. "तुम्हाला देत नाहीत?" एक्स-रेच्या खोलीबाहेर भेटली तेव्हा तिनं सरळ विचारलं. मी डॉक्टरांकडं मागितलं. "सवय लागेल," म्हणाले. तिला लागत नव्हती, मला तेवढी लागणार होती!

माझी थोरली बहीण, आक्का, सोबतीला होती. डॉक्टर आले की माझ्याआधी तीच सांगायची, "बरं हाय, सायेब." मोठ्या माणसापुढं रडगाणं गायचं नाही, हेच आम्हाला शिकवलेलं.

घरी सोडायच्या सकाळी दवाखान्यातली एक मुलगी मोबाईल घेऊन आली. जाहिरातीसाठी पेशंटचे चार शब्द हवे होते. "मावशी, एवढंच म्हणा. इथं माझ्या वेदना थांबल्या, मी समाधानी आहे."

आक्कानं माझा पदर सारखा केला.

"माझ्या वेदना थांबल्या न्हाईत," मी म्हणाले. "मागितलं तरी बी औषध दिलं न्हाय."

मुलगी कसनुशी हसली. "परत घेऊ या हं."

"कितींदा बी घे की. हेच बोलणार."

आक्का कानाशी लागली. "अगं, उद्या ह्यांच्याच दारात यायचं हाय. बरं हाय म्हण आन् सूट."

"तुला दुखत न्हाय, आक्का. म्हणून म्हणतीस."

मुलीनं डॉक्टरांना बोलावलं. मागोमाग ती पोरंही आली. "काय तक्रार आहे?" डॉक्टरांचा आवाज चढलेला. मी कॉट धरून उठले. पाठीतून कळ गेली, तोंडातून शिवी निघाली. निघू दे.

"मला मॉर्फिन पायजे. का देत न्हाय, ते ह्या पोरांम्होरं सांगा."

"बघू," म्हणाले आणि निघून गेले.

आक्कानं भरलेली पिशवी मी कॉटखाली ढकलली. औषध हातात पडल्याशिवाय मी इथून हलणार नाही. बाहेर काढायचं तर उचलून काढा. मरायचंच असेल तर ओरडत मरेन. यांच्या सोयीसाठी गप पडून मरणार नाही.