सिसिलिया टीचर आणि रिकामी घरं

सिसिलिया टीचर आज पहाटे गेल्या, आणि मला रडू येत नाहीये. संताप येतोय.

तोही स्वतःचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: टीचर ठाण्याच्या. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. रिटायर झाल्यावर आंबिवलीजवळच्या ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभ्या राहून कॅडिस माशीच्या अळ्या शोधायच्या. मी, सभांत भाषणं ठोकणारा कार्यकर्ता, कोपरहून जाऊन त्यांची बरणी धरायचो.

अळी तांदळाच्या दाण्याएवढी. काही जाती रेतीचे कण, पानांचे तुकडे आपल्याच रेशमाने चिकटवून नळीसारखं घर करतात आणि ते अंगावर घेऊन फिरतात. कुठली जात सापडते, त्यावरून पाणी कसं आहे ते कळतं.

मी त्या घरांवर फिदा. टीचर वैतागायच्या.

"अरे भाषणवाल्या, घर काय बघतोस? आतली अळी बाहेर काढ. सहा पाय मोज. छातीचे तीन भाग असतात, त्यातल्या किती भागांवर कडक कवच आहे बघ. शेपटाकडे हुकासारखे दोन आकडे बघ. मग नाव घे."

"टीचर, एवढं बघेपर्यंत इलेक्शन येऊन जाईल."

"जाऊ दे. अळीला मत नाही."

गेल्या वर्षी तो ओढा पाइपात घालून वर रस्ता करायचं ठरलं. जनसुनावणी लागली. टीचर हॉस्पिटलमध्ये. नमुने मी एकट्याने गोळा केले. बरणीभर नळ्या!

फोनवर त्यांनी एकच विचारलं, "अळ्या बाहेर काढून बघितल्यास ना?"

मी म्हणालो, "हो."

बघितल्या नव्हत्या. मला भाषण लिहायचं होतं.

त्यांनी विश्वास ठेवला. अहवालात 'अळ्या कोणी ओळखल्या' या रकान्यात आपलं नाव घालू दिलं.

सुनावणीत मी बरणी उंचावली. "हा ओढा जिवंत आहे!" टाळ्या.

मग समोरच्या तज्ज्ञाने टाचणीने एक नळी उकलली. दुसरी. दहावी.

"साहेब, भाडेकरू कुठे गेले?"

हॉलभर हशा. सगळी घरं रिकामी. वरच्या डोंगरातून वाहत आलेली.

त्या दिवसापासून टीचरांच्या इतक्या वर्षांच्या नोंदींवर शिक्का बसला: बाई रिकामी घरं मोजतात.

आणि त्यांनी कोणालाही सांगितलं नाही की मी खोटं बोललो. अहो, एक शिवी तरी घालायची मला!

गेल्या आठवड्यात पुन्हा गेलो. दगड उलटत बसलो. एक जिवंत अळी मिळाली. बिनघराची, जाळं विणणारी. टीचरांना फोटो पाठवला. वाटलं, जिंकलो.

उत्तर आलं:
"छातीचे तिन्ही भाग कडक. पोटाखाली कल्ल्यांचे झुपके. ही थोडी घाण सहन करते. स्वच्छ पाण्याचा पुरावा म्हणून मिरवू नकोस. जिवंत आहे, एवढंच लिही."

अंथरुणाला खिळलेली बाई, आणि माझ्या बाजूनेसुद्धा एक शब्द जास्तीचा बोलली नाही.

म्हणून इथे, सगळ्यांसमोर लिहितोय.
रिकामी घरं मी नेली होती.
न बघता 'हो' मी म्हणालो होतो.
टीचरांनी स्वतः पाहिलेल्या अळ्यांच्या नोंदींचा याच्याशी काही संबंध नाही.

हेच उद्या सही करून सुनावणी घेणाऱ्या ऑफिसात देणार आहे. ओढा वाचेल का, माहीत नाही. त्यांचं नाव तरी धुऊन निघायला हवं.

टीचर, तुम्ही ऐकू शकत होता तेव्हा माफी मागितली नाही.

शांत निजा.