भिंगकाका आणि बेवारस नाव

टपालखात्यात सदतीस वर्षं पत्ते वाचून पत्रांची वर्गवारी केलेल्या या गृहस्थांना सगळे भिंगकाका म्हणत. भल्याभल्यांनी हात टेकावेत असलं अक्षर ते चुटकीसरशी लावायचे आणि त्याचा त्यांना गर्व होता. असू दे की! निवृत्तीनंतर माणसाकडे दुसरं मिरवायला असतं तरी काय?

त्या दिवशी भरदुपारीच फोनची बॅटरी आचके द्यायला लागली, म्हणून ते सेटिंगमध्ये शिरले. बॅटरी कोण खातंय याची यादी निघाली. त्यातल्या बऱ्याच जणांना चित्र नव्हतं की धड नाव नव्हतं. नुसते टिंबांनी जोडलेले इंग्रजी शब्द. दुसरा कुणी घाबरून फोन बंद करून बसला असता. भिंगकाकांचे हात शिवशिवायला लागले.

जुन्या कॅलेंडरचे पाठकोरे तुकडे करून त्यांनी एकेकावर एकेक नाव उतरवलं आणि जेवणाच्या टेबलावर वर्गवारी सुरू केली. तासाभरात मेख सापडली. लिफाफ्यावर आधी माणूस, मग गल्ली, मग गाव. इथे सगळा उलटा कारभार. आधी ‘कॉम’, मग कंपनी आणि खरं काम शेवटच्या शब्दात. शेवटी ‘कॅमेरा’, म्हणजे कॅमेरा. ‘कीबोर्ड’, म्हणजे कीबोर्ड. कसले हेर नि कसलं काय, साधे घरगडी होते सगळे!

एकच चिठ्ठी बेवारस उरली. ‘कॉम.टिटवी.फॅमिली.लोकेटर.’

ती त्यांनी शेवटून वाचली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. ठावठिकाणा, कुटुंबातल्यांचा. कुटुंबात होतं कोण? ते आणि लेक. म्हणजे पोटची पोर बापाच्या मागावर! म्हातारा झालो म्हणून काय गळ्यात घंटा बांधायची? ते काढून टाकायला गेले, तर फोनने पासवर्ड मागितला.

संध्याकाळी लेक चष्म्याच्या दुकानातलं काम आटपून घरी आली. तिच्या पायातल्या चपलाही निघाल्या नव्हत्या, तोच त्यांनी चिठ्ठी तिच्या नाकासमोर धरली.

“हे काय आहे? आणि पासवर्ड कुणाचा?”

“बाबा, आधी बसा बघू.”

“बसत नाही. मी काय कुकुलं बाळ आहे?”

तिने कपाटाच्या खणातून दोन चिठ्ठ्या काढून टेबलावर ठेवल्या. कॅलेंडरच्याच, पाठकोऱ्या. तेच नाव.

“मार्चमध्ये तुम्ही चार तास हरवला होतात, बाबा. बसस्टॉपवर सापडलात. घर कुठे ते सांगता येईना. नंतर तुम्हीच म्हणालात, हे फोनमध्ये टाक, पासवर्ड तू ठेव आणि मी भांडलो तरी मला सांगू नकोस.”

भिंगकाकांनी तिन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी लावल्या. अक्षर त्यांचंच होतं. त्या बाबतीत ते आजवर कधी चुकले नव्हते. त्यांना मार्च आठवत नव्हता, या चिठ्ठ्याही आठवत नव्हत्या. ते खुर्चीत बसले.

“या दोन्ही वेळेला मी काय केलं?”

“भांडलात. मग म्हणालात, राहू दे.”

“खूप भांडलो?”

लेकीचे डोळे भरून आले होते.

“मग राहू दे,” ते म्हणाले. “पण पुढच्या वेळी दारातच या तिन्ही चिठ्ठ्या माझ्या हातात दे. तुला उगाच बोलणी बसतात.”